प्रश्न विचारून गप्प बसणं

माझी मुलगी रेवती विद्यापीठात मानसशास्त्राचं एम. ए. करते. संशोधनासाठी मुलाखत कशी घ्यायची, याचा सराव म्हणून काल तिने मलाच समोर बसवलं. "बाबा, तुमच्यावर कुणी अन्याय केला, असं वाटतं?" तिने विचारलं आणि ती गप्प झाली. पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

त्यांना तसं शिकवतात म्हणे. प्रश्न विचारला की समोरच्याला वेळ द्यायचा. मला हसू आलं. जुन्या फर्निचरच्या बाजारात मी उभं आयुष्य हेच केलं. भाव सांगायचा आणि गप्प राहायचं. आधी बोलतो तो खाली येतो. पण धंद्यातली शांतता काहीतरी काढून घेण्यासाठी असते. हिची कशासाठी होती ते कळेना, आणि मीच आधी बोललो.

"दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, मला दुकानातून काढलं. आणि तू दर दिवाळीला त्याच्याकडे फराळाला जातेस."

"जाते."

"मग बाजू कुणाची, तेवढं सांग."

"आत्ता मी कुणाचीच बाजू घ्यायची नसते, बाबा. नको असेल तर थांबवू." तिने पेन कागदावरून उचललं.

मी रागाने खुर्ची मागे सरकवली. आजवर ज्यांना हे सांगितलं, त्यांना आधी आपल्या बाजूला ओढूनच सांगितलं होतं. नुसतं ऐकणारं माणूस समोर बसलं की कुठून सुरुवात करायची, तेच सुचत नाही.

खुर्ची पुढे घेतली.

"लिही," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी मिळून ते दुकान उघडलं, तिथपासून सांगतो."