फोटो एकाचा, माणूस दुसराच

मी लग्नाला होकार दिला तो भलत्याच माणसाला बघून. आता सांगायला काय जातंय! बघायला तिघं आले होते. मान वर करायची नाही अशी घरची ताकीद, म्हणून मी शहाणीनं दाराच्या फटीतून आधीच बघून घेतलं. कुरळे केस, खिशाला गॉगल, ऐटीत गप्पा हाणणारा. हाच नवरदेव, असं माझं मीच ठरवलं. कुणाला विचारायची हिंमत नव्हती. अक्कल तर त्याहून नव्हती. आईला म्हटलं, "व्हय." पुढं महिनाभर आरशासमोर लाजत बसले, बावळट कुठली!

अंतरपाट खाली आला, तर समोर कोण? कोपऱ्यात बसून मुकाट्यानं तीन बशा पोहे संपवणारा. कुरळा त्याचा मावसभाऊ निघाला. मागं उभा राहून अक्षता फेकत होता. हार माझ्या हातातच राहिला. मामा कानाशी येऊन म्हणाला, "घाल की गं, हात दुखायले का?"

घातला.

परवा नात क्रांती चौकातून तणतणत घरी आली. मोबाइलवर जमवलेल्या पोराला पहिल्यांदाच भेटायला गेली होती. त्यानं लावलेल्या फोटोत चार मित्र. हिनं त्यातला उंच, देखणा तोच धरला. दोन महिने गोडगोड लिहिणं झालं आणि कॉफीच्या टेबलावरून उठला तो त्याच्या शेजारचा, बुटका चष्मेवाला.

"बोलायला तोच आहे गं आज्जी, पण तोंड दुसरंच! रविवारी परत भेटू म्हणतोय. काय करू?" तिला रडू फुटलं.

"हाकल मेल्याला! तुमच्या त्या ॲपपेक्षा आमचं बरं. निदान शिव्या घालायला मध्यस्थ तरी असायचा."

"मग तू आजोबांना कसं पसंत केलंस?"

हे पेपर तोंडावर घेऊन खुर्चीत घोरत होते. मी हळू आवाजात पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती डोळे पुसायचं विसरली.

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला कुणी रविवार दिला होता का? तोंड शिवून बसायचं आणि त्याला संस्कार म्हणायचं. मी तर वर मिरवायचेसुद्धा!"

तिनं मोबाइल उचलला. मग लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'रविवारी ये. पण आधी एकट्याचा फोटो पाठव.'

तेवढ्यात खुर्चीतला पेपर खाली आला.

"मला ठाऊक व्हतं. म्हणून तर त्या कुरळ्याला संगं नेलं व्हतं."