पेडगावचा निळा डबा

मनमाडला गाडी बदलली आणि मीटरगेजच्या अरुंद डब्यात खिडकीपाशी बसलो. कॉलेजात असल्यापासून मी रेल्वेगाड्यांचे फोटो काढतो. काळी वाफेची इंजिनं, विटकरी डबे, मग डिझेलची इंजिनं. गाड्यांचा रंग बदलला की मी तिथे हजर. आता परभणीकडचे हे अरुंद रूळ उखडून रुंद मार्ग टाकणार होते. त्यातच एका मित्राने सांगितलं, की तिकडच्या विटकरी गाडीला सध्या एक नवा निळा डबा जोडतात. दोन काळ एकाच गाडीत! मला राहवेना.

परभणीत मुक्काम केला. सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाऊन पॅसेंजरने पेडगावला उतरलो आणि रुळांच्या कडेने वळणापर्यंत चालत गेलो. दोन्हीकडे काळी रानं, फुटलेला कापूस. तिथे एक बाई म्हैस चारत होत्या.

"काय करायलाव, भाऊ?"

"गाडीचा फोटो काढायचाय."

"गाडीचा?" त्या हसल्या. "ती तर रोजच येती. माणसाचा काढावा की!"

त्यांचं नाव गयाबाई. म्हशीचं चांदी, ती गाभण होती, दिवस भरत आलेले.

लांब धूर दिसला. मी कॅमेरा स्टँडवर लावून डोळा भिंगाला लावला, तर रुळांवर मधोमध चांदी बसलेली! गयाबाई दावं ओढत होत्या.

"ऊठ गं माय! ऊठ!"

मीही ओढू लागलो. म्हैस हलेना. शेवटी अंगातला शर्ट काढला आणि तो फडकवत गाडीच्या दिशेने धावत सुटलो. शिट्टी वाजत राहिली, चाकं करकरली आणि इंजिन माझ्यापासून हाकेच्या अंतरावर थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरले. "बाई, म्हशीचं तिकीट काढलंय का?"

"काढते, बाबा! आधी उठवू तर लागा!"

उतारूंनी मागून रेटा दिला, तेव्हा कुठे चांदी उठून रुळांवरून खाली उतरली. गयाबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या.

वाटेत बरेच फोटो काढल्याने रोलमध्ये एकच शिल्लक होता. निळा डबा पार मागे, वळणाआड. "काय काढायचं ते लवकर काढा," ड्रायव्हर म्हणाले. मी गयाबाईंना चांदीशेजारी उभं केलं. मागे इंजिन, खिडक्यांतून हसणारे चेहरे. बटण दाबलं. गाडी हलली, निळा डबा डोळ्यांसमोरून निघून गेला, आणि गंमत म्हणजे मला वाईट वाटलं नाही.

गयाबाईंनी घरी नेऊन भाकरी, ठेचा आणि दही वाढलं. "लय मोठं काम केलं तुमी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. फोटो पाठवायला पत्ता लिहून घेतला.

दुपारच्या गाडीने परत निघालो. वळणावर गयाबाई चांदीचं दावं घट्ट धरून उभ्या होत्या. मी खिडकीतून ओरडलो, "गयाबाई!" त्यांनी हात उंचावला. इतकी वर्षं मी रुळांकडेला उभा राहून गाड्या पाहिल्या होत्या. गाडीत बसून, रुळांकडेला उभं असलेलं आपल्या ओळखीचं माणूस पाहायचं मात्र राहूनच गेलं होतं.