कुणालाच कळणार नाही, काका

"सरकारला ऐकू नाय आला पायजे," एवढं बोलून कोन गावच्या जनार्दनकाकांनी आपला फोन काउंटरवर ठेवला.

मी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर खांदा कॉलनीतल्या एका मोबाइलच्या दुकानात काम करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वाय-फायपासून सातबाऱ्यापर्यंत मला सगळं येतं, असा ओळखीच्यांचा समज आहे. तो मी अजून मोडलेला नाही.

काकांची जमीन नव्या रस्त्यात जाणार होती. त्यांचं राहतं घरही त्याच जमिनीवर. मागे त्यांनी उलव्यातल्या भावाशी फोनवर बोलून मोजणी अडवायचं ठरवलं, तर दुसऱ्या दिवशी सरकारी मोजणीवाले पोलिसांना घेऊनच आले. आता दोघांना वकील गाठायचा होता, पण फोनवर बोलायची भीती वाटत होती.

"फोन टॅप झालाच असेल असं नाही, काका."

"मंग पोलिसांना सपान पडला का?"

भावाकडे असलेलं कॉलिंगचं ॲप मी काकांच्या फोनवर टाकलं. आपला आवाज आपल्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि थेट समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो. वाटेत कुणी पकडला तरी त्याला काही समजत नाही. याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. हे मी हातवारे करून पंधरा मिनिटं समजावलं आणि शेवटी म्हणालो, "कुणालाच कळणार नाही, काका. माझी गॅरंटी."

मालक शकीलभाई स्क्रीनगार्ड लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बेटा, डिस्प्लेची गॅरंटी दे. सरकारची कशाला देतो?"

तेवढ्यात नव्या ॲपवर कॉल आला. स्क्रीनवर नाव होतं, 'मोजणीवाला'.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा आठवलं. ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे आणि जे स्वतः हे ॲप वापरतात, त्यांना आपण आल्याचं ॲप लगेच कळवतं. ते कळवणारी सेटिंग बंद करता येते. मी 'पुढे, पुढे' दाबत तिच्यावरून गेलो होतो. गुपित राखायचं ॲप मी दवंडी पिटून टाकलं होतं.

"घ्या. नको, नका घेऊ," असं म्हणत घाबरून मीच कॉल घेतला. तोही स्पीकरवर.

"काका, तुम्ही पण इथे? बरं झालं! एकटेच आहात ना?"

काकांनी मला, शकीलभाईंना आणि एका गिऱ्हाइकाला नीट पाहून घेतलं. "एकटाच हाय."

"साध्या फोनवर बोलायची मला भीती वाटते. आमचे फोन कोण ऐकतं, काय माहीत. तुमचं घर नकाशात आलेलंच नाही. नुसती शेती दाखवलीय. शुक्रवारच्या आत लेखी हरकत द्या, नाहीतर घराचा काहीच मोबदला मिळणार नाही. आणि माझं नाव कुठे घेऊ नका."

कॉल बंद झाला.

"म्हंजी," काका सावकाश म्हणाले, "सरकारपन सरकारला घाबरतंय?"

हरकतीचा अर्ज मी लिहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा वकिलाने तपासून दिला. काकांनी गुरुवारी तो देऊन पोच घेतली. पुन्हा मोजणी झाली आणि घर नकाशात आलं. रस्ता मात्र होता तिथेच राहिला.

आता मी कुणालाही हे ॲप देताना ती सेटिंग आधी बंद करतो आणि गॅरंटी फक्त डिस्प्लेची देतो. काकांचीही बंद करायला गेलो होतो. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे उगडीच. अजून कोन कोन घाबरतंय, बगू."