त्रिकोणी भोक, गोल ऊन

जेबा नासिर शेख हे नाव काढलं की कुणी खुर्चीवरून उठून उभं राहील, असं काही नाही. पण लातूरच्या एका क्लासात तिनं जे करून दाखवलं, त्याला काळीज लागतं. नुसत्या डिगऱ्या असून भागत नाही.

भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची. किल्लारीजवळच्या तिच्या गावात घर गेलं, आजी गेली, आणि उरलेल्यांची रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. चार-दोन महिन्यांसाठी म्हणे! चार उन्हाळे काढले पोरीनं तिथं. बाप नासिर बादल्या-डबे दुरुस्त करणारा. तो पत्रा बघून चिडायचा, "असला पत्रा मी बादलीच्या बुडालासुद्धा लावणार न्हाई." खिळे निसटलेल्या भोकांतून सकाळचं ऊन आत यायचं आणि समोरच्या पत्र्यावर ठिपके पडायचे. भोकं वेडीवाकडी, फाटकी. ठिपके मात्र एकजात गोल. जेबानं विचारलं, "अब्बा, भोक तिकोनी, तो धूप गोल कायकू?" नासिर म्हणाला, "मुझे नै मालूम बेटी." माहीत नसताना काहीतरी ठोकून दिलं नाही त्यानं, हे त्याचे उपकारच.

पंच्याण्णव साली ऐन दिवाळीत सकाळी ग्रहण लागलं. अम्मी बिलकीस दारात आडवी बसली, पोरांना बाहेर सोडीना. आत बसल्या बसल्या जेबाची नजर समोर गेली, तर एकूण एक ठिपक्याची कोर झालेली! पाचपन्नास चंद्रकोरी एका पत्र्यावर. "या अल्ला, इत्ते चाँद!" म्हणत बिलकीससुद्धा उठली. जेबाला तेव्हाच कळलं, की ठिपका भोकाचा नव्हताच कधी. ते सूर्याचं चित्र होतं. सूर्य गोल असला की गोल, कोर झाला की कोर.

पुढं ती नांदेडला राहून फिजिक्समध्ये एमएस्सी झाली. तोवर घर शिरूर अनंतपाळला हललं होतं आणि लातुरात क्लासांचं पीक आलं होतं. जेबा तीन क्लासांत गेली. तिघांनीही न ऐकताच परत पाठवली. फिजिक्सला बाई? पोरं ऐकत नसतात म्हणे! पोरांना विचारलं होतं का कुणी? इकडं लोकांनी नासिरचे कान भरले, की एवढी शिकलेली पोरगी घरात ठेवून काय लोणचं घालतोस. उदगीरचं स्थळ अडून बसलं होतं. नासिर तिला म्हणाला, "एक आखरी क्लास बघ. न्हाई जमलं तर मी उदगीरवाल्यांना होकार देतो."

तो चौथा क्लास अंगद सरांचा. त्यांचा फिजिक्सचा मास्तर समोरच्या क्लासवाल्यांनी भर सीझनमध्ये फोडला होता, म्हणून सर अडले होते. सकाळी साडेसातची बॅच, पत्र्याचा हॉल, दोनशे पोरंपोरी. सरांनी स्वतःच्या छापील नोट्स तिच्या हातात दिल्या, "प्रकाश शिकवून दाखवा. यातलंच बोलायचं," आणि मागं जाऊन बसले.

तिसऱ्या पानावर प्रश्न होता: सूर्यप्रकाश लहान त्रिकोणी छिद्रातून लांबच्या पडद्यावर पडला, तर ठिपक्याचा आकार कोणता? खाली उत्तर: त्रिकोणी. कारण प्रकाश सरळ रेषेत जातो.

जेबा थांबली. मुकाट्यानं पुढचं पान उलटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. नोकरी हाताशी आली होती. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं जे डोळ्यांनी बघितलं, ते या कागदानं खोटं ठरवावं?

"हे उत्तर चुकलंय," ती म्हणाली.

पूर्वेच्या पत्र्यात बोल्ट पडून एक भोक राहिलं होतं. तिनं नोट्सचा पाठचा पुठ्ठा फाडला, ब्लेडनं त्यात तुरीच्या दाण्याएवढा त्रिकोण कापला आणि भोकावर धरला. "ट्यूबलाइट बंद करा. ऊन पडतंय तिथं वही उभी धरा."

पाचव्या बाकावरच्या पोरीनं वही धरली. "मॅडम, गोल हाय!"

"आता एक जण इथं या. पुठ्ठ्याच्या अगदी जवळ तळहात धरा."

"इथं तिकोनी दिसतंय!" पुढं आलेलं पोरगं म्हणालं.

"बरोबर. प्रकाश सरळच जातो. पण सूर्य म्हणजे एक ठिपका नव्हं. त्याच्या कणाकणातून किरण निघतो, त्रिकोणातून घुसतो आणि आपापल्या जागी जाऊन पडतो. लांब गेल्यावर भोकाचा आकार मागं राहतो, उरतं ते सूर्याचं चित्र."

हॉलमध्ये एकच गलका झाला. अंगद सर तरातरा पुढं आले. "मॅडम, आठ वर्षं झाली या नोट्सला. पेपरला हेच येतं. पोरांचा मार्क गेला तर जबाबदार कोण?"

"मी."

"तोंडानं कुणीही म्हणतंय!"

जेबानं खडू उचलला आणि फळ्यावर ठसठशीत लिहिलं: लहान त्रिकोणी भोक, लांबचा पडदा, ठिपका गोल. मार्क गेल्यास जबाबदार: जेबा नासिर शेख, मु. पो. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर.

सर जरा वरमले. पोरं तिचं ऐकत होती, हे त्यांनाही दिसत होतं. हळू आवाजात म्हणाले, "शिकवता चांगलं. सोमवारपासून या. फक्त एवढं पुसा. नोट्सचं पुढच्या वर्षी बघू."

तिला उदगीर दिसलं, अब्बांचा चेहरा दिसला.

"पुसायचं तर तुम्ही पुसा, सर. माझ्या हातानं न्हाई पुसणार." तिनं पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडं निघाली.

सरांनी रागारागानं डस्टर उचललं.

"सर, पुसू नका!" मागच्या बाकावरून ओरड आली. "अजून लिहून व्हायचंय!"

जेबानं वळून बघितलं. दोनशे माना खाली होत्या, आणि फळ्यावरचं सगळं पोरं वहीत उतरवून घेत होती, तिच्या नावापत्त्यासकट.