लख्ख घासलेला तवा

बिडाचा तवा कसा तयार करायचा, हे आता मला सगळे विचारतात. सुनेच्या नॉनस्टिक तव्याचं अस्तर सुटायला लागलं आणि काळे कपटे आंबोळीला चिकटून पानात येऊ लागले, तेव्हा तिनं तो माळ्यावर टाकला आणि बाजारातून बिडाचा जड तवा आणला. तेल किती, कांदा कधी फिरवायचा, आच केवढी, सगळं मी सांगते. पहिले काही दिवस चिकटेल, धीर धर, म्हणते. साबण नको, आंबट तर मुळीच नको. शेजारच्या बायका फोनवर लिहून घेतात आणि मी मोठी सुगरण असल्यासारखी खुर्चीत बसून राहते. हे मी कुठं शिकले ते कुणी विचारलं, तर म्हणते, अनुभवानं. हे खोटं नाही, पण खरंही नाही.

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे तिथं नकाशे काढायच्या कामाला होते. लग्न होऊन वर्ष झालं तरी मी साताऱ्याकडे सासरी आणि हे इकडे चार जणांत एका खोलीत, असा आमचा संसार. वसाहतीतली घरं अजून बांधून व्हायची होती. शेवटी यांनी घिवलीत एका कोळ्याच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली आणि मला आणलं.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हे अजिबात पसंत नव्हतं. घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. कांदा-लसूण चालायचा, पण अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. निघताना त्यांनी बजावलं होतं, "मी येऊन बघणार. घर बाटलेलं दिसलं, तर तुला घेऊन परत येणार." त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. आणि मला परत जायचं नव्हतं. मला नवऱ्याजवळ राहायचं होतं, स्पष्टच लिहिते. बाकी सगळ्याची लाज मला नंतर वाटली, ह्याची कधीच नाही.

बोईसर स्टेशनवरून बैलगाडीनं सामान येताना पोतं दगडावर आपटलं आणि माझ्या आईनं दिलेला तवा तडकून दोन तुकडे झाला. बीड असंच, वर्षानुवर्षं टिकेल आणि एका आपटीत जाईल. नवा घेऊ घेऊ म्हणत चार महिने मी पत्र्याच्या पातळ तव्यावर काढले. त्यावर भाकरी व्हायची, पुरणपोळी मात्र एकीकडे कच्ची राहायची आणि दुसरीकडे करपायची.

घरमालकीण माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. नवरा होडीवर. ती रोज सकाळी बांधकामाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चूल मांडून बसायची आणि कामगारांना तांदळाची घावनं आणि तळलेले बोंबील विकायची. तिचा तवा सासूकडून आलेला, काळाकुळकुळीत, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. घावन पसरलं की कडा आपोआप सुटायच्या. मी कितीदा तरी उभी राहून बघितलंय. खाल्लं मात्र एकदाही नाही. ती "घे गो बाय, तांदलाचाच हाय" म्हणायची आणि मी दर वेळी उपास सांगायचे. आठवड्यात इतके उपास कुणाला असतात?

आत्याबाई येणार असं पत्र आलं. पुरणपोळी करायलाच हवी होती. त्या यायच्या दिवशी मी मावशीकडे तवा मागितला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की रोज उपास करणारीला आज माझा तवा कसा चालतो. एवढंच म्हणाली, "ने. पन सांजचा परत दे हां. सकाली घावनं घालाची हायेत."

तवा घरात आणला आणि मी पहिल्यांदा काय केलं, तर नाकाशी नेला. बोंबलाचा वास होता. असणारच.

मग मी तो घासला. आधी राखेनं, मग विटेच्या भुकटीनं, नारळाच्या शेंडीनं खसाखसा. वास गेला नाही तेव्हा चिंचेचं पाणी त्यात उकळलं. एकदा, दोनदा, तीनदा. काळे पापुद्रे सुटून पाण्यात तरंगायला लागले. खाली करडं, खरखरीत, उघडं बीड दिसायला लागलं तेव्हा मी थांबले.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! नवी पोर, घाटावरची, तिला काय कळतंय, असं म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. पण मला ठाऊक होतं. माझी आई तव्याला पाणीसुद्धा लावायची नाही, गरम असतानाच फडक्यानं पुसायची. वरचा काळा थर म्हणजेच तवा, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या बाईची इतक्या वर्षांची मेहनत मी चिंचेत उकळत होते आणि ते कळूनच उकळत होते. त्या दुपारी माझ्या डोक्यात एकच होतं, आत्याबाईंच्या नाकाला वास लागता कामा नये.

हे त्यांना बोईसरहून घेऊन आले. आत्याबाईंनी पाय धुतले आणि सरळ चुलीपाशी आल्या. पाण्याचा हंडा बघितला, डबे उघडून बघितले. तव्यावर बोट फिरवलं.

"तवा नवा दिसतोय गं."

"हो आत्याबाई. परवाच पालघरच्या बाजारातून आणवला."

माझं वाक्य संपलं आणि दाराकडे बघितलं, तर मावशी उभी. हात चौकटीला. संध्याकाळ झाली होती, ती तवा न्यायला आली होती. तिनं तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती आता "माजा तवा" म्हणाली असती तर माझं सगळं संपलं असतं. सकाळच्या गाडीनं मी परत.

"काय पाहिजे होतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय नाय. पानी भरला काय इचाराला आलेली," मावशी म्हणाली आणि वळून गेली.

आत्याबाई चार दिवस राहिल्या. पोळ्या झाल्या, भाकऱ्या झाल्या, सगळं त्याच तव्यावर. खरखरीत तव्याला पोळी चिकटू नये म्हणून मी तुपाची धार सोडत होते आणि आत्याबाईंना वाटलं, सून सढळ हाताची आहे. चार सकाळी मावशी रस्त्यावर बसली नाही. मी अंगणातून जाताना मान खाली घालायचे. तिनं मला एकदाही हाक मारली नाही, तवा मागितला नाही. जाताना आत्याबाई यांना म्हणाल्या, "पोरीनं घर सोवळं ठेवलंय हो." मी वाकून नमस्कार केला.

त्या गेल्यावर मी तवा परत द्यायला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं ते असं, "मावशी, लख्ख घासून आणलाय." उपकार केल्यासारखं!

तिनं तव्यावर अंगठा फिरवला. मधोमध, मग कडेनं. "हां बाय," ती म्हणाली. "लख्ख केलास." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून येत होते. ती रस्त्यावर बसली होती. पहिलं घावन तव्याला धरून बसलं. उलथनं घालून तिनं खरवडलं तर त्याचा लगदा झाला. दुसरं तसंच. कामगार उभे होते, एक जण हिंदीत काहीतरी म्हणाला आणि बाकीचे हसले, मग सगळे पुढे निघून गेले. ती पीठ तसंच घेऊन घरी आली आणि कोंबड्यांपुढे ओतलं. मी खिडकी लावून घेतली. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही, कारण खिडकी मी बंदच ठेवत होते. तव्यावर हळूहळू पुन्हा काळा थर चढला असावा, कारण एका सकाळी रस्त्यावर पुन्हा घोळका दिसला. मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू असं करत राहिले, आणि जितका उशीर झाला तितकं ते अवघड होत गेलं.

पावसाळ्यानंतर वसाहतीतली खोली मिळायची ठरली. त्याच सुमारास मावशीनं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, माडाखाली, तीन दगडांची एक वेगळी चूल मांडली. दुपारी तिथं काहीतरी भाजत बसायची. मला वाटलं, मला नाक मुरडताना बघितलंय हिनं, म्हणून मासळी माझ्या खिडकीपासून लांब नेली. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

निघायच्या दिवशी बैलगाडी भरून झाली. मावशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. फडकं सोडलं. बिडाचा तवा होता. नवा, पण काळाभोर, चकचकीत.

"तुजा तवा फुटलेला ना," ती म्हणाली. "पालघरशी आनला. पंदरा दिस तेल नि कांदा, तेल नि कांदा. तिकडं वेगल्या चुलीवर केला. मासलीचा हात नाय लागू दिला."

मी तवा दोन्ही हातांनी घेतला. आणि काय करतेय हे कळायच्या आत तो नाकाशी नेला.

तिच्या समोर. तिच्या डोळ्यांदेखत.

खाली केला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. रागावली नव्हती. तिनं रिकाम्या फडक्याची घडी घातली, एकदा, मग पुन्हा एकदा.

"कांद्याचा वास हाय, जाईल तो," ती म्हणाली. "पन याला चिंच लावू नको हां, बाय."