लाल त्रिकोणातली म्हैस

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. अशी फजिती दुसऱ्या कुणी केली नव्हती हो, मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली!

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो, आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच असतो. गेल्या महिन्यात आमच्या लेकीला, प्राजूला, पुण्याचं स्थळ आलं. मुलाला मुलगी पसंत होती. पण त्याचे आईवडील घर बघायला आले, आणि त्या वडिलांचं प्रत्येक गोष्टीला एकच, "बघू." पोहे घ्या, बघू. लाडू घ्या, बघू. होकार काही येईना!

म्हटलं, यांना कोल्हापूरचा पाहुणचार दाखवूच. मी, बायको आणि ते दोघं, गाडीतून नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो. परतताना मी जाहीर केलं, "आता तुम्हाला धारोष्ण दूध पाजतो. आमच्याकडं दूधकट्ट्यावर म्हशी आणून रस्त्यातच उभ्या करतात आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार काढतात!"

"बघू," वडील म्हणाले.

आणि काय सांगू, पुढच्याच वळणावर बोर्ड! लाल त्रिकोण, आत काळं जनावर. शिंगं जरा चुकली होती, पण म्हैस कळत होती. मी कचकन ब्रेक मारला.

बायको कुजबुजली, "अवो, त्यो गाडीवाल्यांचा बोर्ड दिसतोय."

"चित्रातलं तू मला सांगतीस व्हय?"

डब्याच्या पिशवीतले पेले काढून आम्ही चौघं बोर्डाखाली रांगेत उभे राहिलो. एक मोटारसायकलवाला थांबला.

"काय हाय हितं, पावणं?"

"दूधकट्टा. नवा हाय!"

तो मागं उभा राहिला. मग एक रिक्षा थांबली, मग एक टेम्पो. आमच्याकडं माणूस आधी रांगेत उभा राहतो, मग विचारतो. बघता बघता पंधरा जण झाले की! कुणी कळशी घेऊन, कुणी पाण्याची बाटली रिकामी करून.

शेवटी एकदाचा एक मालक काळंभोर धूड घेऊन आला.

"आधी पावण्यांना!" म्हणत मी पेला घेऊन त्या जनावराखाली बसलोसुद्धा.

"अवो, काय करालाय?" मालक ओरडला.

"धार काढा की!"

"कशाची धार? रेडा हाय त्यो!"

मी वर बघितलं. रेड्यानंही मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोघंही अवघडलो.

"मग हा बोर्ड?"

"जनावरं आडवी येत्यात, गाडी सावकाश हाका म्हणून लावलाय त्यो. लायसन कुणी दिलं वो तुमाला?"

रांग हसून हसून रस्त्यावर बसली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. पोरीचं ठरत आलेलं लग्न मी एका रेड्यापायी मोडलं, असंच वाटलं.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. कोल्हापुरात शाहूपुरी आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

"गुरुजी, एकच विचारतो. प्राजू कुणाच्या वळणावर गेलीय?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो, "आईच्या! नखशिखांत आईच्या!"

"मग आमचा होकार," ते म्हणाले.