पंखाची खालची बाजू

"सही करा ना सर, मागे रांग लागलीये," रेबेका साळवे म्हणाली.

मी सही केली नाही. तिच्या गाडीचा मागचा पंख दोन्ही हातांनी धरून हलवला. पंखाबरोबर डिकीचे झाकणही हलले.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे एक खासगी ट्रॅक आहे. तेथे हौशी चालक शर्यतीसाठी बदललेल्या गाड्या पळवतात. मी निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. या गाड्यांची कोणतीही तपासणी होत नाही, असे कळल्यावर मी आयोजकांना तीन पत्रे लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवताच उत्तर आले : 'तांत्रिक तपासनीस म्हणून आपणच यावे.' मी गेलो. तक्रार करणाऱ्याने जबाबदारी नाकारू नये, असे माझे मत आहे.

आयोजकांच्या नियमावलीत एकच ओळ होती : 'बाहेरून जोडलेले भाग घट्ट असावेत.' घट्ट म्हणजे किती? जे मोजता येत नाही, त्याला नियम म्हणता येत नाही. ती केवळ इच्छा असते.

रेबेकाचे नगरला गॅरेज आहे. तिच्या जुन्या हॅचबॅकला तिने पुढे प्लायवुडचा स्प्लिटर लावला होता, म्हणजे बंपरखालून पुढे आलेली, गाडीचे नाक खाली दाबणारी सपाट फळी. मागे फायबरचा विंग, म्हणजे हाच पंख. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच उलटा बसवला की तो गाडीला जमिनीवर दाबतो आणि वळणावर टायरची पकड वाढते. हा विंग पारनेरच्या ठुबे यांनी बनवला होता. देवळांचे फायबरचे कळस हा त्यांचा मूळ धंदा.

"वेगात यावर किती भार येईल?" मी विचारले.

"वीस-पंचवीस किलो."

"मग शंभर ठेवून दाखव."

कँटीनमधून साखरेची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती आणवली. दुसरे पोते ठेवताच डिकीचा पत्रा कचकन आत गेला. पंख शाबूत होता, पण तो ज्यावर उभा होता तो पत्रा कागदासारखा.

"सर, उद्या टेस्टिंग कंपनीचे लोक येणारेत," रेबेका हळू आवाजात म्हणाली. "त्यांना ट्रॅकवरची ड्रायव्हर हवीये. माझी गाडी पळालीच नाही, तर ते बघणार काय?"

"पळेल. परंतु पंखाचे पाय चासीला, गाडीच्या सांगाड्याला जोडून."

तिने लोखंडी अँगल कापले, डिकीला भोके पाडली, पाय थेट चासीला वेल्ड केले. दुपारी दोन्ही पोती पुन्हा ठेवली. काहीही हलले नाही. मी समाधानाने सही केली, तारीख घातली, वेळही लिहिली.

सरावाच्या दुसऱ्याच फेरीत, लांब वळणावर, तिच्या गाडीचे शेपूट सुटले. गाडी गरगर फिरली आणि गवतात जाऊन थांबली. मी धावत पोहोचलो, तेव्हा ती स्टीअरिंग धरून तशीच बसली होती.

"लागलं का?"

"नाही. सर, पुढून गाडी चिकटून होती. मागून जणू काही नव्हतंच."

त्या वाक्याचा अर्थ सरळ होता. पुढची फळी काम करत होती, मागचा पंख करत नव्हता. अशी गाडी दोन्ही नसलेल्या गाडीपेक्षा धोकादायक. पंख तुटणार नाही एवढेच मी तपासले होते. तो काम करतो का, हे तपासलेच नव्हते. आणि कागदावर सही माझी होती.

"दोन्ही काढून टाक," मी म्हणालो.

"काढते. मग माझ्या गाडीत आणि भाजी आणायच्या गाडीत फरक काय उरला? चूक कुठंय ते तरी शोधू द्या."

तिचे म्हणणे न्याय्य होते. तिने लोकरीचे बोटभर धागे पंखाच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. डिकीवर आणि टपावर टेपने एकेक मोबाईल लावला आणि मी घालून दिलेल्या मर्यादित वेगात, सरळ रस्त्यावर एक फेरी मारली. चित्रणात वरचे धागे शिस्तीत मागे झोपलेले होते. खालचे मात्र वेड्यासारखे फडफडत होते. हवा पंखाला धरून वाहत नव्हती, सुटून जात होती.

मी खाली वाकून हात फिरवला. वरचा भाग आरशासारखा. खालून गुठळ्या, उभे राहिलेले तंतू, फायबर बांधणाऱ्या रेझिनचे ओघळ.

ठुबे यांना बोलावले. "हे काय केलंत?" माझा आवाज चढला होता.

"सायेब, वरून बघा की, कसा चकाकतोय!"

"मी खालून विचारतोय."

"खालून कोन बघतंय? तीस वर्सं कळस करतोय मी. आतून कोनी हात लावत न्हाई."

"ठुबेकाका," रेबेका म्हणाली, "हा उलटा पंख आहे. गाडीला खाली खेचायचं बहुतेक काम त्याची खालची बाजूच करते."

ठुबे यांनी पंखाखालून हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मंग ताई, हे आदी सांगायचं व्हतं. साचाच पालथा केला असता."

त्यांनी पुट्टी भरली. ती वाळल्यावर पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ते स्वतः पंखाखाली मान घालून घासत बसले. दिवस मावळण्याआधी खालची बाजूही हाताला गुळगुळीत लागली. पुन्हा धागे लावले. या वेळी खालचेही झोपले. मी वेग टप्प्याटप्प्याने वाढवू दिला आणि प्रत्येक टप्प्याला चित्रण पाहूनच पुढची परवानगी दिली. ते लांब वळण तिने न घसरता घेतले.

रविवारी ती कंपनीच्या लोकांसमोर धावली. तिच्यापेक्षा वेगवान दोघे होते. पण त्या लोकांनी तिच्याशी बोलताना वेग विचारलाच नाही. धाग्यांचे चित्रण मागून घेतले. आज ती त्यांच्याकडे गाड्या तपासते.

सोमवारी मी आयोजकांना चौथे पत्र लिहिले. 'आपल्या तांत्रिक तपासनीसाने परिणाम न तपासता केवळ मजबुती तपासून गाडीस मंजुरी दिली, त्यामुळे चालकाच्या जिवास धोका निर्माण झाला. संबंधितावर कार्यवाही व्हावी.' सोबत सुधारित नियमावली जोडली : भार किती, धागे कुठे, सही केव्हा.

नियमावली त्यांनी स्वीकारली. तक्रारीचेही उत्तर आठवड्याभरात आले. आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी तांत्रिक तपासनीसांकडे वर्ग करण्यात येत आहे, असे त्यात होते.

अर्ज माझ्याकडे आला आहे. मी तो निकाली काढलेला नाही.